सात नंबरचा मार्च

छगन मास्तरला मेहुण्याचा राग आला तो पहिल्याच दिवशी, आणि तोही मेहुण्याने तोंड उघडायच्या आधी.

सदुसष्ट सालची गोष्ट. अभिमन पंधरा वर्षं पलटणीच्या बँडात पितळी कॉर्नेट वाजवून पेन्शनीवर सुटला आणि धुळ्याला देवपुरात बहिणीच्या घरी उतरला. बहीण म्हणजे शेवंताबाई, छगनची बायको. अंगणात बँडची तालीम चालली होती. अभिमनने लोखंडी ट्रंक फाटकाशी ठेवली आणि तो उभ्या उभ्या ऐकू लागला. त्याचा डावा पाय ठेका धरायला लागला. दोन-चार ठोके धरले, एकदा चुकला, पुन्हा धरले, पुन्हा चुकला. मग तो पाय थांबला.  तो थांबलेला पाय छगनने पाहिला, आणि तो पुढे पाच वर्षं त्याच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

छगन म्हणजे काही कुणी ऐरागैरा नव्हता. अठरा माणसांचा बँड त्याच्या बापाने उभा केला आणि छगनने वाढवला. धुळ्यापासून पिंपळनेरपर्यंत लग्न ठरलं की आधी छगनच्या बँडची तारीख विचारायचे, मग ब्राह्मणाची. त्याला नोटेशनचं एक अक्षर येत नव्हतं, पण गाणं एकदा कानावरून गेलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या क्लॅरिनेटमधून ते साजशृंगार करून बाहेर पडायचं. आणि त्याची खरी करामत होती ती उलट्या चालण्यात. वरातीत बँडच्या दोन रांगा पुढे चालायच्या, मागून नवरदेवाची घोडी यायची, आणि छगन सगळ्यांच्या पुढे, पण तोंड मागे करून चालायचा. म्हणजे त्याला बँडही दिसायचा आणि नवरदेवही. घोडी अडली की हा सूर लांबवायचा. करवल्या नाचायला लागल्या की जागच्या जागी थांबायचा. वीस वर्षं तो असा पाठमोरा चालला. खड्डे, गटारं, बैलगाड्या, काही त्याला आडवं आलं नाही. लोक त्याला मास्तर म्हणायचे. शेवंताबाईसुद्धा चिडली की 'अहो मास्तर' म्हणायची. तो शब्द त्याच्या अंगाला कातडीसारखा चिकटला होता, आणि तो कुणी सोलून नेईल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

अभिमनच्या ट्रंकेत कपडे थोडे आणि कागद फार निघाले. छापील मार्च होते, एकाखाली एक नंबर टाकलेले, प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा. चार दिवस त्याने दम धरला. पाचव्या दिवशी तालमीत उभा राहिला आणि त्याने ढोलवाल्या वनाला विचारलं, "तुझा डावा पाय कोणता?"

वना पन्नाशीला आलेला माणूस, छगनचा लहानपणापासूनचा सोबती. त्याने खाली वाकून पायांकडे पाहिलं. पोरं हसली. अभिमन हसला नाही. तो म्हणाला, "ढोल पडतो तेव्हा डावा पाय पडला पाहिजे. अठरा माणसांचा. एकदम." आणि मग पलटणीतल्या आवाजात ओरडला, "कदम ताल! बायाँ, दायाँ, बायाँ!" शेजारच्या घरातली म्हातारी दार लावून बसली.

माणसांना हे आवडेल असं छगनला वाटलं नव्हतं, पण आवडलं. महिनाभरात बँड अंगणातून असा चालायला लागला की अठरांचा एकच पाय वाटावा. 'तेज चल' म्हटलं की निघायचा, 'धीरे चल' म्हटलं की प्रत्येक पाऊल हवेत अडवून टाकायचा, आणि 'थम' म्हटलं की जागच्या जागी खिळायचा. अभिमनचा 'थम' असा होता की रस्त्यावरची सायकलसुद्धा थांबायची. छगन ओसरीवर बसून विडी ओढायचा आणि मनात चरफडायचा.

"पाव्हना," तो एकदा म्हणाला, "आठे लगीनमा वाजाडनं पडस. लढाईमा नही."

अभिमनने मान वळवली. पंधरा वर्षांत त्याची भाषा शहरी झाली होती आणि जीभ फटकळ. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, ज्या बँडचा मास्तर उलटा चालतो तो बँड पुढे कसा जाणार?"

सगळे हसले. वनाही हसला. वना हसला हे छगनला सगळ्यात जास्त झोंबलं.

त्याचं उट्टं पुढच्याच उन्हाळ्यात निघालं, आणि छगनला बोटसुद्धा हलवावं लागलं नाही. आग्रा रोडवरच्या मोहनलाल शेठच्या मुलाचं, पुखराजचं लग्न होतं. अभिमन म्हणाला, या वरातीत मी काठी घेऊन पुढे चालतो, शहराला दाखवतो बँड काय असतो. छगन मुकाट्याने रांगेत उभा राहिला. अभिमन पुढे, नजर सरळ, छाती बाहेर. त्याने काठी उचलली, 'तेज चल' म्हणाला, आणि बँड निघाला. असा निघाला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. मिनिटाला एकशेवीस पावलं. कुणी मागे वळून पाहिलं नाही, कारण पलटणीत मागे वळून पाहत नाहीत. दहा मिनिटांत बँड नवरीच्या दारात जाऊन 'थम' झाला. नवरीची आई ओवाळायला पुढे आली आणि तबक घेऊन अठरा बँडवाल्यांकडे बघत राहिली. नवरदेव नव्हता. नवरदेव तिकडे अर्धा मैल मागे घोडीवर बसला होता, बायका गात होत्या त्या थबकल्या होत्या, आणि वाजंत्री कुठे गेली हे कुणालाच कळत नव्हतं.

मोहनलाल शेठ धोतर सावरत धावत आले. "नवरदेव कुठंय? माझा नवरदेव कुठं टाकून आलात?"

अभिमन ताठ उभा राहून म्हणाला, "आम्ही वेळेवर आलो."

सगळ्या गल्लीने पोट धरून हसून घेतलं. त्या रात्री छगन दोन भाकरी जास्त जेवला. शेवंताबाईला भावाचं वाईट वाटत होतं. नवऱ्याचं तोंड बघून तिने त्याच्या ताटात तिसरी वाढली नाही.

अभिमनने लग्नं सोडली. जळगावला एका शाळेत ड्रिलमास्तरची जागा मिळाली, तिथे तो राहायला गेला. लग्नाच्या बँडात पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणाला. इथे गोष्ट मिटली असती, पण मिटली नाही. धुळ्याच्या मैदानावर झेंडावंदनाला बँड लागायचा, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, एक मे. त्या दिवशी अभिमन जळगावहून यस्टीने यायचा, छातीवर पदकं लावून काठी घेऊन पुढे उभा राहायचा, आणि कलेक्टर साहेब त्याला हात द्यायचे. क्लॅरिनेट घेऊन मागच्या रांगेत उभा असलेल्या छगनकडे साहेबाचं लक्षही जात नसे. आणि हळूहळू, कुणी ठरवल्याशिवाय, माणसं अभिमनला मास्तर म्हणायला लागली. छगनला म्हणायची छगनभाऊ. जोडीला वना होता, तोही म्हणायचा छगनभाऊ. एवढ्या प्रेमाने म्हणायचा की छगनला त्याच्या तोंडात मारावीशी वाटे.

मग छगनने सूड घेतला, पण आपल्या पद्धतीने. अभिमनच्या कागदांत सात नंबरचा मार्च होता. तो त्याच्या पलटणीचा आवडता, परेड संपवून बराकीत परतताना वाजवायचा. अभिमन तो फार जपून वाजवायला द्यायचा, देवाचा नैवेद्य असल्यासारखा. छगनने नेमका तोच उचलला आणि त्याला बाशिंग बांधलं. मधे ढोलाचा ठुमका घातला, शेवटी क्लॅरिनेटची लकेर लावली, आणि लग्न लागून नवरी घेऊन वरात मुलाच्या दारात परत आली की तो वाजवायला सुरुवात केली. नवरी उंबरठ्यावरचं माप ओलांडायची आणि इकडे सात नंबर दणाणायचा. तीन उन्हाळ्यांत साक्री तालुक्यात या चालीशिवाय नवरी घरात घ्यायला लोक नाखूश व्हायला लागले. 'मिलिटरीची चाल' म्हणायचे तिला. अभिमनला हे ठाऊक नव्हतं. झेंडावंदनाला सात नंबर साधा, सरळ वाजायचा, आणि माणसं त्याला सांगायची नाहीत, कारण त्याने एकेकाचे कान उपटले असते. छगन मात्र मनातल्या मनात दर लग्नात हसायचा.

एकाहत्तरच्या वैशाखात पिंपळनेरच्या अलीकडच्या एका डोंगराकाठच्या गावातून ठाकऱ्या नावाचा म्हातारा आला. त्याचा मुलगा दिवल्या फौजेत होता, सुट्टीवर येऊन लग्न करणार होता. त्यांच्याकडे लग्नात फुंकायची पावरी आणि ढोल. पितळी बँड त्या गावाने पाहिलेलाच नव्हता. पण दिवल्याने साक्रीच्या बाजारात छगनचा बँड ऐकला होता. तो तिथेच स्वतः पुढे येऊन म्हणाला होता, "भाऊ, हाई चाल आमनी पलटनमा वाजस. मना लगीनमा हाईच पाहिजे." छगनला पोरगा आवडला. काळाभोर, हसरा, दात पांढरे शुभ्र. रुपली नावाच्या नवरीला घेऊन तो दारात आला तेव्हा छगनने सात नंबर असा वाजवला की डोंगरावरची माणसं उतरून बघायला आली. दिवल्याने सगळ्यांसमोर त्याला कडक सलाम ठोकला होता.

डिसेंबरात लढाई झाली. दिवल्या जखमी होऊन मिलिटरी इस्पितळात पडला आणि जानेवारीत गेला.

देवळालीहून फौजेच्या ट्रकमधून त्याचं शव गावी आणायचं होतं. सोबत हवालदार आणि आठ जवान होते, बँड नव्हता. साक्रीच्या मामलेदारांनी धुळ्याला निरोप धाडला: झेंडावंदनाचा बँड पाठवा. झेंडावंदनाचा, म्हणजे अभिमनचा. तो जळगावहून रातोरात आला. पहाटे ट्रकमध्ये बसताना त्याने प्रत्येकाच्या कोटाची बटणं तपासली, छगनचीसुद्धा.

कोणत्या गावाला जायचं हे छगनला माहीत होतं. वनालाही माहीत होतं. अभिमनला गावाचं नाव नवीन होतं.

थंडी मी म्हणत होती. ठाकऱ्याच्या घरापुढे अख्खा गाव जमला होता आणि कुणी मोठ्याने रडतसुद्धा नव्हतं. तिरंग्यात गुंडाळलेलं शव बघून माणसं बावचळली होती. अभिमनने वनाच्या ढोलावर काळं कापड बांधलं. "धीरे चल," तो म्हणाला, आणि तेसुद्धा हळू. ढोलाचा आवाज कापडाखालून दबून यायला लागला. बँड एक एक पाऊल अडवत नदीकडे निघाला, मागे जवान बंदुका उलट्या धरून, मागे गाव. त्या वाजवण्यात एक सूर जास्त नव्हता, एक कमी नव्हता. तेव्हा कुठे लोकांना रडू फुटलं. दिवल्याची आई चमेलीबाई घराच्या दारातून हंबरडा फोडून हाका मारत होती. छगनच्याही डोळ्यांना पाणी आलं. आपल्याला हे जन्मात कधी जमलं नसतं हे त्याला कळलं, आणि त्याच क्षणी त्याला अभिमनचा असा राग आला की डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी सुकलं.

नदीकाठी सरण पेटलं. जवानांनी आभाळात गोळ्या झाडल्या. सगळं आटोपल्यावर अभिमनने वनाच्या ढोलावरचं काळं कापड सोडून घडी घालून खिशात ठेवलं.

"आता परत गावात. तेज चल," तो बँडला म्हणाला. "मार्च खुला वाजवायचा, दाबून नाही."

वना चाचरला. "मास्तर, मसनवटीमाईन येताना वाजाडतस का कधी?"

"फौजेत वाजवतात. रडायचं ते सरणापर्यंत. माणूस पोचवला की फौज छाती काढून परत फिरते, म्हणजे मेलेल्यालाही कळतं की मागचे डगमगले नाहीत. हवालदार साहेबांना विचार." हवालदाराने मान डोलावली. त्याचे जवान रांगेत उभेच होते.

पण लोकांचे चेहरे बघून अभिमनलाही कुठेतरी खटकलं असावं. तो छगनजवळ आला. पाच वर्षांत पहिल्यांदा तो त्याच्याजवळ काही विचारायला आला होता. हलक्या आवाजात म्हणाला, "दाजी, या भागात तुम्ही जास्त फिरलात. इथल्या माणसांना जड जाणार नाही असा कोणता मार्च घेऊ?"

आता काय सांगायला हवं होतं ते छगनला चांगलं ठाऊक होतं. आठे नको वाजाडू, इथे वाजवू नको, एवढे तीन शब्द. लोक बिथरतील, एवढंही पुरे होतं. फार तर कुठलाही दुसरा नंबर सांगायचा होता. त्याला अंगणात थांबलेला तो पाय दिसला. 'उलटा चालतो' म्हटल्यावर हसलेली तोंडं दिसली.

"सात नंबर," छगन म्हणाला.

"सात?"

"पोराच्या पलटणीचाच तो. त्याला लई आवडायचा. साक्रीच्या बाजारात भेटला होता, त्याने स्वतः सांगितलं मला."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. अभिमनचे डोळे भरून आले. त्याने छगनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं झालं विचारलं."

वना सगळं ऐकत होता. अभिमन पुढे गेल्यावर तो छगनच्या कानाशी आला. "छगनभाऊ, हाई तेच गाव शे. वैशाखमा आपन..."

"तू ढोल वाजाड," छगन म्हणाला.

अभिमनने काठी काखेत मारून कॉर्नेट ओठाला लावलं, ढोल पडला, डावे पाय पडले, आणि सात नंबर गावात शिरला. झेंडावंदनासारखा सरळ, छगनच्या ठुमक्याशिवाय, पण चाल ती चाल. पहिल्या घरापाशी दोन लहान पोरं टुणकन बाहेर आली आणि नाचायला लागली, कारण ही चाल लागली की नाचायचं एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांच्या आईने त्यांना दंडाला धरून आत ओढलं. नदीवरून परतणारे लोक रस्त्यातच उभे राहिले. अभिमनची नजर सरळ होती. पलटणीत आजूबाजूला बघत नाहीत.

ठाकऱ्याच्या दारात रुपली आली. कपाळ मोकळं होतं. आतल्या बायका तिला धरत होत्या, पण ती सुटून उंबरठ्यावर आली, जिथे नऊ महिन्यांपूर्वी तिने माप ओलांडलं होतं. तिने बँडकडे पाहिलंच नाही. ती बँडच्या मागे बघत होती, मान उंच करून, माणसांच्या डोक्यांवरून. वैशाखात या चालीमागून तो तिला घेऊन आला होता. ती आताही तो कुठवर आला ते बघत होती.

छगनने क्लॅरिनेट तोंडातून काढलं. बाकीचे वाजवत राहिले, कारण त्यांना शिकवलेलंच तसं होतं.

तेवढ्यात चमेलीबाईची किंकाळी आली. "मना पोऱ्या तठे जळी ऱ्हायना, आनि तुम्ही लगीन लावतस रे?" आणि पहिला दगड आला. दुसरा, तिसरा. एक झांजेवर लागून वाजला. एक अभिमनच्या तोंडावर बसला. कॉर्नेट ओठाला लावलेलंच होतं. धातू आणि दात यांच्यामध्ये ओठ सापडला आणि फाटला. त्याने कॉर्नेट खाली घेतलं, रक्त गिळलं, आणि तशाही तोंडाने 'थम' म्हणाला. बँड जागच्या जागी खिळला. दगडांपुढून एकही माणूस पळाला नाही.

हवालदार आणि जवान मधे पडले म्हणून लोक आवरले. ठाकऱ्या गर्दीतून पुढे आला. 

"याच चालवर मनी सून मी घरमा लयनू," तो म्हणाला. "तुम्हीच वाजाडी व्हती, याच दारमा. आज हाई वाजाडाले तुमले कोनी सांगं?"

अभिमनला तेव्हा कळलं. त्याने मान वळवली. पाच वर्षांत रस्त्यावर वाजवताना त्याने पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं, आणि पाहिलं ते छगनकडे. छगन क्लॅरिनेट हातात घेऊन उभा होता. आता हा बोट दाखवणार, आता दगड माझ्यावर येणार, असं त्याला वाटलं. येऊ देत, असंही वाटलं.

अभिमन ठाकऱ्याकडे वळला. "हुकूम माझा होता, आबा. या बँडचा मास्तर मी आहे." मग त्याने टोपी काढली आणि म्हाताऱ्यापुढे मान खाली घालून उभा राहिला. ठाकऱ्याने हात उचलला होता तो तसाच खाली सोडला.

त्या दिवशी छगनला अभिमनचा जितका राग आला तितका त्याआधी कधी आला नव्हता. पाडला तरी हा वरच राहिला. आपण त्याला खड्ड्यात ढकललं आणि तो तिथूनही आपल्याला झाकून गेला. असला माणूस धड द्वेषही करू देत नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि ट्रकमध्ये सगळा रस्ता तो बाहेर बघत बसला.

साक्रीच्या दवाखान्यात ओठाला सहा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, खाण्यापिण्याला अडचण नाही, पण फुंकायचं विसरा. अभिमनने घरी येऊन काठी आणि कागदांची ट्रंक ओसरीवर ठेवली, बहिणीच्या पाया पडला आणि जळगावला निघून गेला. छगनला तो एक शब्द बोलला नाही. वाईट शब्दसुद्धा नाही.

"मना भाऊना व्होट कसा फुटना?" शेवंताबाईने विचारलं.

"गावना लोकेसनी मारं. मी काय करू?"

 ती चुलीपाशी गेली. तेव्हापासून चिडली तरी ती त्याला 'अहो मास्तर' म्हणत नसे.

बाकी सगळे म्हणायला लागले. वनासुद्धा. "मास्तर, उद्या कितीले निघनं शे?" एवढंच, कामापुरतं. जे पाच वर्षं हवं होतं ते छगनला परत मिळालं, पण माणसं तो शब्द असा टाकायची की वाटावं दारातून कुणी पत्र फेकून गेलं. सात नंबर बंद, असं त्याने पहिल्याच तालमीत सांगितलं. कुणी का म्हणून विचारलं नाही. नदीकाठचं बोलणं वनाकडून सगळ्यांना कळलं होतं.

चैत्रात पाचोऱ्याला जवरीलाल शेठच्या घरचं लग्न लागलं. लग्न लावून वरात नवरी घेऊन स्टेशन रोडवरून परत येत होती. छगन पुढे, पाठमोरा, क्लॅरिनेट ओठाला, समोर बँडच्या दोन रांगा, त्यांच्यामागे मोटारीत नवरा-नवरी. घर जवळ आलं तसे जवरीलाल शेठ ओरडले, "मास्तर, ती मिलिटरीची चाल! सगळीकडे वाजवता, आमच्या दारात नाही?"

"ती आता वाजवत नाही, शेठ."

"का?"

छगनने तोंड उघडलं. काय सांगणार? रांगेतले सतरा जण त्याच्याकडे बघत होते. कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते त्याच्या तोंडून ऐकायला सगळे थांबले होते. वरात खोळंबली. शेठ पुन्हा म्हणाले, "का हो?"

"घ्या रे," छगन म्हणाला. "सात नंबर."

वनाने ढोल मारला. ठुमका मारला नाही. सरळ मारला, अभिमनचा. आणि डावा पाय उचलला. सतरा डावे पाय उचलले गेले. छगन मागे मागे चालत होता आणि बँड तेज चालीने त्याच्यावर येत होता, नजरा सरळ, त्याच्या डोक्यावरून पलीकडे. त्याला वाटलं, आता थांबतील. थांबले नाहीत. दोन्ही रांगा त्याच्या दोन्ही अंगांनी निघून गेल्या. वनाच्या ढोलाची कड त्याच्या कोपराला घासली, पण वनाने पाहिलं नाही. बँड शेठच्या दारावरून पुढे गेला, तोरणाखालून पुढे, स्टेशनच्या दिशेने, एकशेवीस पावलांनी. रस्त्याच्या मधोमध छगन उरला, समोर मोटारीत अवघडून बसलेले नवरा-नवरी, आणि उंबरठ्यावर माप ठेवून खोळंबलेल्या बायका.

"थांबा!" तो वळून ओरडला. "वना! थांबा रे!"

कुणी थांबलं नाही. शेठ शिव्या देत होते, लोक हसायला लागले होते. चाल दूर दूर जात होती, एकही सूर न चुकता.

एका शब्दाने ते थांबले असते. कुठेही असते तरी, जागच्या जागी. तो शब्द छगनला येत होता. ओसरीवर बसून त्याने तो अभिमनच्या तोंडून कितीदा ऐकला होता. त्याने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि तो तसाच उघड्या तोंडाने, चाल ऐकू येईनाशी होईपर्यंत, रस्त्यात उभा राहिला.